न्यूमनचा गुडघा

वॉटी गिलफिलनचा आम्ही बार्नक्रेगवाल्यांनी जेवढा द्वेष केला तेवढा खाणमालकाचासुद्धा केला नाही. मालक लांब एडिंबराला राहायचा, त्याला शिव्या द्यायच्या तर वाऱ्यावर द्याव्या लागायच्या. वॉटी आमच्या गल्लीतला. त्याची आई नळावर भेटायची, बाप खाणीत भेटायचा, त्यामुळे द्वेष कसा ताजा राहायचा.

त्याचा बाप एबेनेझर. आम्ही त्याला एब म्हणायचो. आमच्या फुटबॉल क्लबाचा तो बादलीवाला. मैदानात कुणी आडवा झाला की बादली आणि स्पंज घेऊन पळत जायचं आणि गार पाणी मारून त्याला उभा करायचं, हे त्याचं काम. पाय मोडलेला असो, डोकं फुटलेलं असो की गडी नुसता घाबरलेला असो, एबकडे औषध एकच. जानेवारीत त्या पाण्यावर बर्फाची पापडी असायची. एब बादलीला हात घालताना दिसला की निम्मे जखमी आपोआप बरे व्हायचे.

मी झेंडेवाला. प्रत्येक क्लबानं रेषेवर आपला एक माणूस द्यावा असा नियम होता, आणि त्या माणसानं पक्षपात करू नये असाही होता. त्यातला पहिला आम्ही पाळायचो.

वॉटी लहान वयातच आमच्या संघात आला. राइट हाफ. मधल्या फळीत उजवीकडचा. खेळायचा झकास, मी हाताच्या अंतरावरून बघितलंय. चेंडू त्याच्या पायाशी आला की पाळलेल्या कुत्र्यासारखा बसायचा. खोड एकच होती. दबाव आला की चेंडू मागं आपल्या गोलकीपरकडे ढकलायचा, आणि ढकलताना मागं बघायचा नाही. मान वळवायला त्याला कमीपणा वाटायचा.

मग तेवीस सालची कपची उपांत्य फेरी आली, ती नेमकी ड्रमटॅसीविरुद्ध. ड्रमटॅसी म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. आमचं त्यांचं भांडण कशावरून सुरू झालं ते कुणालाच धड सांगता येत नाही. दोन्हीकडे म्हणतात डुकरावरून. डुक्कर कुणाचं होतं यावर मात्र आजही दात पडतात.

संघ निवडायला कमिटी बसली. राइट हाफला वॉटी घ्यायचा की अध्यक्षांचा भाचा, हा प्रश्न. अध्यक्ष म्हणजे पिटकेथली खाटीक. निम्मे वॉटीकडे, निम्मे खाटकाकडे, कारण निम्म्यांच्या घरचं मटण उधारीवर होतं. एबही कमिटीत होता, त्याचं एकट्याचं मत उरलं. आता बापानं पोराला मत दिलं तर गाव म्हणेल, बघा, पोराची वर्णी लावली. म्हणून एबनं मत दिलं भाच्याला. दुसऱ्या दिवशी गाव म्हणालं, सख्ख्या पोराचा गळा कापणारा हा कसला बाप. सामन्यात भाच्यानं दोन वेळा चेंडू समजून गवताचं ढेकूळ लाथाडलं आणि आम्ही हरलो.

पुढच्याच आठवड्यात वॉटीनं ड्रमटॅसीशी करार केला.

त्या दिवशी एब जेवायला बसला होता. वॉटी समोर बसला. एबनं सूप संपवलं, तोंड पुसलं आणि बायकोला म्हणाला, "ग्रिझी, त्या माणसाला सांग, ड्रमटॅसीत खोल्या भाड्यानं मिळतात." त्यानंतर एबच्या तोंडून पोराचं नाव गेलं ते गेलंच. फारच गरज पडली तर 'तो तिकडचा' म्हणायचा, आणि म्हटल्यावर थुंकायचा. घरात असेल तर चुलीत.

पुढं वॉटीची कारकीर्द झाली. लोक त्याला मोठी म्हणतात, आम्ही लांबलचक म्हणतो. ड्रमटॅसीकडून तो आमच्यावर गोल करून गेला, एकदा नव्हे, येईल तेव्हा. मग ग्लासगोच्या एका बड्या क्लबानं त्याला उचललं, तेव्हा ड्रमटॅसीवालेही त्याला गद्दार म्हणायला लागले. ओढ्याच्या दोन्ही काठांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. ग्लासगोत तो बहुतेक दुसऱ्या संघात खेळला. मग इंग्लंड. एक क्लब त्याच्या पायगुणानं खालच्या वर्गात गेला, दुसरा त्याच्याही खाली. असं म्हणतात की तो पेटी घेऊन लँकेशायरच्या कुठल्याही स्टेशनवर उतरला की हमाल टोप्या काढायचे, कुणी गेल्यावर काढतात तशा.

मध्येच स्कॉटलंडचा संघ परदेश दौऱ्यावर निघाला. बरेच जण आजारी, बरेच जण आजारी असल्याचं सांगत होते, म्हणून वॉटीला नेलं. देशाकडून खेळला की टोपी मिळते, ती लोक काचेच्या कपाटात ठेवतात. पण त्या काळी टोपी मिळायची ती इंग्लंड, वेल्स नाहीतर आयर्लंडविरुद्ध खेळलं तरच. परदेशी संघाविरुद्ध खेळलात तर जेवण आणि हस्तांदोलन. वॉटी देशाकडून खेळून बोडकाच परत आला. आमच्या गुत्त्यात मग रोज चर्चा, की तो खेळायला गेला होता की सॉसेज खायला. कुणी म्हणे त्यानं तिथं पाण्याच्या बाटल्या उचलल्या. एब कोपऱ्यात बसून ऐकायचा. हसायचा नाही, उठूनही जायचा नाही.

शेवटी तो स्वित्झर्लंडला गेला. तिथल्या क्लबाचा मालक चीज करायचा आणि मैदान त्याच्याच कुरणात होतं. वॉटीचा गुडघा मोडला तो सामन्यात नाही. पेनल्टीच्या जागेवर एक गाय बसली होती, तिला उठवायचं काम परदेशी खेळाडूवर आलं. गाय उठली, वॉटी बसला. ही बातमी बार्नक्रेगला पोचली त्या संध्याकाळी आम्ही त्या गायीच्या नावानं ग्लास उंचावले. गायीचं नाव कळलं नाही म्हणून सगळे हळहळलेसुद्धा.

छत्तीसच्या शरदात वॉटी गावात परत आला. केस विरळ, चाल एका बाजूला कललेली. बापाच्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून गल्लीच्या टोकाला ऑख्टरलोनीबाईंकडे खोली घेतली. खाणीच्या तोंडाशी कोळशातले दगड वेचायचं काम मिळालं, ते म्हाताऱ्यांचं नि लंगड्यांचं काम. आई झाकलेल्या डब्यातून रोज बार्लीचं सूप पाठवायची. एबला ते दिसायचं नाही, कारण डबा निघायच्या वेळेला तो बरोबर कबुतरांना दाणे टाकायला जायचा.

गाव त्याला आल्याआल्या सामोरं गेलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावरची माणसं उठून दुसऱ्या बाकावर बसली. न्हाव्यानं निम्मे केस कापून दुकान बंद केलं. वॉटी दोन दिवस टोपी घालून फिरला, आणि आम्ही म्हणालो, चला, एकदाची टोपी मिळाली.

मी त्याच्याशी बोलायचो, पण कुणी बघत नसताना. एकदा दगड वेचता वेचता म्हणाला, "डूगलकाका, मला बार्नक्रेगकडून परत एकदा खेळायचंय."

मी म्हटलं, तुला इथं कुणी खड्डासुद्धा खणायला घेणार नाही.

"घेतलं तर? मैदानात मी आडवा पडलो की बाबांना यावंच लागेल. बादली त्यांच्याच हातात आहे. आले की काहीतरी बोलतील. एकदा वॉटी म्हटलं की झालं. मग गुडघा राहिला काय नि गेला काय."

एवढ्यासाठी हा माणूस स्वित्झर्लंडहून आला होता. मी त्याला मूर्ख म्हटलं. तो हो म्हणाला.

आणि नेमका आमचा राइट हाफ कबुतरांच्या खुराड्यावरून पडला. हात, पाय आणि तीन कबुतरं गेली. कपचे सामने तोंडावर. कमिटी बसली. पिटकेथली खाटकानं भाच्याचं नाव काढायच्या आत सगळे खोकायला लागले. मग खाटीकच म्हणाला की एक ट्रायलचा गडी आहे.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. करार न करता कुणी चाचणीपुरता खेळला तर त्याचं खरं नाव सांगायचं नाही. त्याच्या जुन्या क्लबाला कळू नये, नापास झाला तर अब्रू जाऊ नये, म्हणून. पेपरात त्याच्या जागी छापायचे 'न्यूमन'. दर शनिवारी स्कॉटलंडभर इतके न्यूमन खेळायचे, की परक्या माणसाला वाटावं हे घराणं नुसती पोरंच काढतं. तो शेजारचा असला, मेहुणा असला, तुमच्याकडून कोट मागून नेलेला असला, तरी मैदानात तो न्यूमन. नावानं हाक मारणं म्हणजे भर चर्चमध्ये कुणाची पाटलोण ओढणं. तीन सामने अशी सवलत. नंतर करार करा नाहीतर घरी जा.

"कोण आहे?" एबनं विचारलं.

"न्यूमन," खाटीक म्हणाला.

एबनं पाइप पेटवला. विझला. परत पेटवला. सगळी कमिटी छताकडे बघत होती.

"गुडघा बरा आहे का त्याचा?" एब म्हणाला.

कुणी हसलं नाही. खाटीक म्हणाला, बरा असावा. एब म्हणाला, मग माझी हरकत नाही, मी काही त्या माणसाला ओळखत नाही.

पहिल्या सामन्यात न्यूमन मैदानात उतरला आणि गावानं टाळ्या वाजवल्या. वॉटी गिलफिलनला टाळ्या वाजवायच्या आधी आम्ही हात तोडून घेतले असते, पण न्यूमननं आमचं काय वाकडं केलं होतं? आणि खेळला काय! पळता येत नव्हतं म्हणून पळायचाच नाही. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभा, जसा गाडीची वाट बघतोय. दुसऱ्या हाफमध्ये, आसपास कुणी नसताना, तो सावकाश आडवा झाला. आधी बसला, मग जागा झटकली, मग झोपला.

एब बादली घेऊन गेला. मी रेषेवर दहा पावलांवर होतो.

"कुठं लागलं, मिस्टर न्यूमन?"

वॉटी गुडघ्याकडे बोट दाखवून बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. एबनं स्पंज बुडवला, गुडघ्यावर पिळला. वॉटी हलला नाही. एबनं मग अख्खी बादली त्याच्या छातीवर ओतली.

"आता कसं वाटतंय, मिस्टर न्यूमन?"

"गार," वॉटी म्हणाला, आणि उठला.

त्या सामन्यात तो आणखी दोनदा पडला. प्रत्येक वेळी बादली, प्रत्येक वेळी मिस्टर न्यूमन. शेवटी गोलकीपरनं विचारलं की हा खेळायला आलाय की आंघोळीला.

सामन्यानंतर ट्रायलच्या गड्याला बादलीवाल्याच्या घरी जेवण, हीसुद्धा रीत. क्लबाचे कपडे ग्रिझी धुवायची आणि धुवायचे मोजे पोचवायच्या निमित्तानं मीही जायचो, त्यामुळे मलाही ताट असायचं. वॉटीनं तेरा वर्षांनी आपल्याच घराचं दार वाजवलं. ग्रिझीनं उघडलं, त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "या, मिस्टर न्यूमन. पाय पुसा." पाय तिनं दोनदा पुसायला लावले.

खिमा आणि बटाटे होते. एब पाहुण्याशी अगदी अदबीनं बोलत होता. प्रवास कसा झाला, विचारलं. वॉटी म्हणाला, गल्लीच्या टोकापासूनच आलोय, चिखल होता. मग एबला कंठ फुटला. तुम्हाला सांगतो मिस्टर न्यूमन, म्हणाला, मलाही एक पोरगा होता. नालायक. चेंडू मागं ढकलायचा, मागं न बघता. गावाला सोडलं, ड्रमटॅसीला सोडलं, ग्लासगोला सोडलं, शेवटी एका गायीनं त्याला सोडलं. वॉटीनं बटाटा काट्यावर तसाच धरला. तो म्हणाला की त्यानं ऐकलंय त्याप्रमाणे पोरगा बरा खेळायचा, घरच्यांनीच त्याला संघातून काढला होता.

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात. सख्ख्या बापानं मत दिलं नाही म्हणतात."

"बाप बरोबर होता," एब म्हणाला. "तुम्ही काल आलेले, तुम्हाला काय कळतंय? तुमच्या बापाशी असंच बोलता का तुम्ही?"

"माझा बाप माझ्याशी बोलत नाही."

"शहाणा दिसतो."

ग्रिझीनं पुडिंगचं भांडं दोघांच्या मधोमध आदळलं. इतकं जोरात, की मनुके टेबलावर सांडले. "मिस्टर न्यूमन, खा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही खा, मिस्टर गिलफिलन. दोघं मिळून माझ्या डोक्यावर बसलात तर मी जाऊन त्या गायीबरोबर राहीन."

गुत्त्यात तर नुसता आनंद होता. जे लोक तेरा वर्षं वॉटीच्या नावानं बोटं मोडत होते ते आता न्यूमनच्या खेळाची वर्णनं करायचे आणि वर म्हणायचे, त्या गद्दार वॉटीला दाखवा रे हा न्यूमन, म्हणावं याला म्हणतात राइट हाफ. हे वॉटीसमोर म्हणायचे. कुणी कुणी न्यूमनला बिअर पाजायचे आणि त्याच बाकावर बसलेल्या वॉटीला सरकून बसायला सांगायचे. माणूस एकच होता, ढुंगणही एकच. वॉटी ग्लास घेऊन सरकायचा.

दुसरा सामना बाहेरगावी होता. बरोबरीत सुटला. पावसात एबनं बादली नेली नाही, म्हणाला वरून पडतंय ते पुरे. वॉटी चिखलात पडून राहिला, शेवटी थंडी वाजायला लागली तेव्हा स्वतःच उठला.

तिसरा सामना ड्रमटॅसीशी, आमच्या मैदानावर. त्याच्यानंतर सवलत संपत होती. करार करायचा तर कमिटीत खरं नाव मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं, सगळ्यांनी हात वर करावे लागतात. वॉटी गिलफिलनच्या नावानं बार्नक्रेगमध्ये हात वर होतो तो मुठीसकट. म्हणजे वॉटीला उरलेली होती ती ही एक दुपार.

ओढ्यावरच्या पुलावरून ड्रमटॅसीवाले आले ते घंटा, खुळखुळे आणि एक डुक्कर घेऊन. डुकराच्या गळ्यात आमच्या रंगाचा मफलर होता. खेळ सुरू होऊन वॉटीच्या पायाशी पहिला चेंडू आला, आणि त्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "वॉटी गिलफिलन, गाय आली, गाय!"

गद्दाराला शिव्या द्यायला आमची ना नव्हती, पण ट्रायलच्या गड्याचं नाव घेणं? असं ड्रमटॅसीतसुद्धा कुणी कधी केलं नव्हतं. पाद्रीबाबांनी टोपी काढून परत घातली. पिटकेथली खाटीक कुंपणावर चढला आणि ओरडला, तो न्यूमन आहे, रानटी लोकांनो. मग आमचं सगळं गाव ओरडायला लागलं, न्यूमन, न्यूमन. ते वॉटी म्हणत, आम्ही न्यूमन म्हणत. डुक्कर दोन्हीला घाबरून गोलमध्ये जाऊन बसलं.

दोन्हीकडे एकेक गोल झाला. थोडासा वेळ राहिला असताना त्यांचा लेफ्ट विंगवाला वॉटीला चुकवून निघाला. वॉटीला वळता येत नव्हतं म्हणून त्यानं नुसता पाय तिथंच ठेवला. विंगवाला त्यावरून गेला तो सरळ माझ्या पायाशी येऊन पडला. मी झेंडा खालीच ठेवला. पण रेफरी शिट्टी मारत आला. तो एअर नावाच्या गावी कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचा. वॉटीही खाली पडला होता, आणि या वेळी सोंग नव्हतं, गुडघा पावासारखा फुगत होता. एब बादली घेऊन पोचला.

रेफरीनं वही काढली. "नाव?"

"न्यूमन," वॉटी म्हणाला.

"खरं नाव. ताकीद द्यायची तर खरं नाव लागतं. नाहीतर बाहेर जा, दहा जणांनी खेळा."

वॉटीनं बापाकडे बघितलं. एब स्पंज पिळत होता, पाणी कधीच संपलं होतं तरी पिळत होता.

"यांना विचारा," वॉटी रेफरीला म्हणाला. "यांना माहीत असलं तर ते सांगतील. नसलं तर मी जातो बाहेर."

रेफरीनं विचारलं. दोन्ही गावं गप्प झाली. ओढ्याच्या काठची माणसं एकाच वेळी गप्प झाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गोलमधलं डुक्कर तेवढं खात होतं काहीतरी.

एब पोराकडे न बघता गुडघ्याकडे बघत होता. त्याचा जबडा हलायला लागला, गंजलेलं फाटक हलतं तसा.

"वॉल्टर एबेनेझर गिलफिलन," तो म्हणाला. "दोन्ही गिलफिलन लिहा. एक तो आणि एक मी."

रेफरी म्हणाला, तुमचं कशाला, तुम्ही काय केलंत?

एबनं बादलीत खाली उरलेला चिखल रेफरीच्या डोक्यावर उपडा केला. "आता लिहा," तो म्हणाला.

रेफरीनं लिहिलं. एबला मैदानाबाहेर काढलं, जन्मभरासाठी, असं नंतर ठरलं. बादली हातात घेऊन तो फाटकाकडे चालत गेला, आणि आमचं गाव त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं तोवर कुणाच्या तरी लक्षात आलं की नाव फुटलंय. मैदानात उभा आहे तो न्यूमन नाही. तो वॉटी गिलफिलन आहे.

आमचा नाइलाज होता. आधी चर्चच्या बाजूनं ओरड आली, मग खाणीच्या बाजूनं, मग सगळं गाव हुर्यो करायला लागलं. ड्रमटॅसीवाले करतच होते. पिटकेथली खाटीक कुंपणावरच होता, त्यानं हवेत फडकवत असलेला रुमाल खिशात घातला आणि शिव्या सुरू केल्या. वॉटी एका पायावर मधोमध उभा होता, दोन्ही गावं त्याच्यावर भुंकत होती, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. असं हसू मी त्याच्या तोंडावर देशाकडून खेळल्याच्या फोटोतसुद्धा बघितलं नाही.

मग चेंडू आला. समोर त्यांचे दोघं जण धावून आले. वॉटीनं चेंडू मागं ढकलला.

मागं बघितलं नाही.

आमचा गोलकीपर तेव्हा डुकराला मागच्या पायांना धरून बाहेर ओढत होता. चेंडू त्या दोघांच्या शेजारून, अगदी सावकाश, आमच्याच गोलमध्ये गेला.

पुढं काय झालं ते मी सांगायला नको. मातीची ढेकळं, मटण भरलेल्या पॅटिसांचे तुकडे, आमच्याकडं त्याला 'पाय' म्हणतात, आणि पाद्रीबाबांची छत्री, असं सगळं मैदानात आलं. मी झेंड्याची काठी आडवी धरून वॉटीला फाटकापर्यंत नेला, म्हणजे मी त्याच्यामागं लपून गेलो. त्याचा करार व्हायचा प्रश्नच उरला नव्हता. परत आल्यावर तो बार्नक्रेगकडून खेळला तो तेवढाच.

फाटकाबाहेर भिंतीला टेकून एब उभा होता. पायाशी बादली. त्याच्या टोपीवरही एक ढेकूळ बसलेलं होतं, ते त्यानं काढलं नव्हतं.

वॉटी लंगडत येऊन त्याच्यासमोर थांबला. मला वाटलं आता एब काहीतरी बोलेल, बापानं पोराला बोलावं तसं. तो बोललाही.

"मागं बघत जा म्हणून किती वेळा सांगितलं तुला? सहा वर्षांचा होतास तेव्हा सांगितलं, तेविसातही सांगितलं. तेव्हा मत दिलं नाही ते याचसाठी. गावासाठी नाही. आज परत मतदान घेतलं तर आजही देणार नाही."

"बरं, बाबा," वॉटी म्हणाला.

"बरं काय बरं. गाढवा. डुकराशेजारून गोल घालतो." एब चालायला लागला. चार पावलं गेला आणि मागं बघितलं. "बादली उचल, वॉटी. मी काय दोन्ही वाहू, बादली नि तुला?"

वॉटीनं बादली उचलली. पाठीमागून एक ढेकूळ येऊन बादलीत पडलं, तो ते घेऊनच गेला. मी धुवायचे मोजे घेऊन त्यांच्यामागून. दारात ग्रिझी उभी होती, कंबरेवर हात. गल्लीच्या टोकापर्यंतची ओरड तिला ऐकू आली असणारच. तिनं नवऱ्याला आत घेतलं, मला घेतलं, आणि वॉटीला उंबऱ्यावर थांबवला.

"पाय पुसा, मिस्टर न्यूमन," ती म्हणाली. "आणि ती बादली बाहेरच ठेवा."